पोटारोच्या खडकांतील चिलखती मासा

मासा म्हटला म्हणजे आमच्या शेतकरी बंधूंच्या डोळ्यांपुढें एक तर खवल्यांचा रोहू किंवा कटला उभा राहतो, नाहीं तर मिशांचा, गुळगुळीत अंगाचा मांगूर किंवा शिंगाळा. मिशांच्या माशाला खवले नसतात, हें नदीकांठच्या लहान मुलांसही ठाऊक असतें. परंतु दक्षिण अमेरिकेंत मिशांच्या माशांचें एक फार मोठें कुळ असें आहे कीं, त्यांतील माशांच्या अंगावर खवल्यांऐवजीं हाडांच्या पट्ट्यांचें चिलखतच असतें. प्राणिशास्त्रज्ञ या कुळास लोरिकॅरिडी म्हणतात. चिलखत या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून तें नांव पडलें आहे. या कुळांतील एक हजाराहून अधिक जाति आजवर वर्णिल्या गेल्या आहेत. त्यांपैकीं डोंगराळ मुलखांतील नद्यांत राहणाऱ्या, कोरिम्बोफेनीस नांवाच्या एका लहानशा प्रजातीची हकीकत आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा मासा आपल्यापैकीं कोणाच्या जाळ्यांत यावयाचा नाहीं, कीं आपल्या बाजारांत त्याचा भाव फुटावयाचा नाहीं, हें आम्ही जाणतों. तथापि त्याचें जगणें सर्वस्वीं नदीच्या तळांतील दगडांवर अवलंबून आहे. आणि ते दगड स्वच्छ राहतात कीं गाळांत बुडतात, हें वरच्या अंगास राहणारीं माणसें जमीन कशी वागवितात यावर अवलंबून आहे. हा संबंध ज्यास नीट उमगला, त्यास आपल्या गांवच्या ओढ्याची परीक्षा करतां येईल, असें आम्हांस वाटतें.

मुलूख आणि चतुःसीमा

दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर गयाना नांवाचा देश आहे. पूर्वीं त्यास ब्रिटिश गयाना म्हणत. २६ मे १९६६ रोजीं तो स्वतंत्र झाला. या देशाच्या पश्चिमेस पाकाराइमा नांवाचे डोंगर आहेत. हे डोंगर वालुकाश्माच्या, म्हणजे वाळू दबून झालेल्या खडकाच्या, आडव्या थरांचे आहेत, आणि ते थर दीडशें कोटि वर्षांहूनही अधिक जुने आहेत. डोंगरांचे माथे बहुधा सपाट आणि कडे तुटलेले असल्यामुळें तेथील नद्या पठारावरून शांतपणें वाहत येतात आणि कड्यापाशीं एकदम खालीं कोसळतात.

पोटारो ही अशांपैकींच एक नदी होय. ती पुढें एसेक्विबो या मोठ्या नदीस मिळते. वाटेंत कायेटूर येथें ती पठाराच्या कडेवरून एकाच उडींत २२६ मीटर, म्हणजे ७४१ फूट, खालीं पडते. आपल्याकडे शरावतीवरील गिरसप्प्याचा धबधबा सुमारें ८३० फुटांचा आहे. त्यावरून वाचकांस कायेटूरच्या उंचीची कल्पना येईल. २४ एप्रिल १८७० रोजीं चार्ल्स बॅरिंग्टन ब्राउन या भूगर्भशास्त्रज्ञानें हा धबधबा पाहिला आणि त्याची माहिती युरोपांत पोंचविली. त्या मुलखांतील पाटामोना लोकांना तो अर्थातच पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता.

आमचें बरेंच आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें असल्यामुळें कोणत्याही मिळकतीचा विचार निघाला कीं आम्ही प्रथम तिची चतुःसीमा पाहतों. या माशाच्या बाबतींत ती फार स्पष्ट आहे. तळाला चिकटून राहणारा लहान मासा सातशें फुटांचा उभा कडा चढूं शकत नाहीं. म्हणून कायेटूरच्या खालच्या नदींतील मासे वर जाऊं शकत नाहींत. वरचा एखादा मासा पुरांत खालीं आला, तर त्यास परत जाण्यास वाट नाहीं. धबधब्याच्या वरचा भाग हा जणुं वेशी बंद केलेला गांवच झाला आहे. तेथें माशांचे प्रकार थोडे आहेत, पण त्यांपैकीं कित्येक असे आहेत कीं ते जगांत दुसरीकडे कोठेंही सांपडत नाहींत.

शोधाची हकीकत

अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठाचे प्राध्यापक कार्ल आयगेनमान हे १९०८ सालीं ब्रिटिश गयानांत मासे गोळा करण्यासाठीं गेले. एसेक्विबो व पोटारो या नद्यांच्या वाटेनें ते कायेटूरच्याही वर, अरुआताइमा नांवाच्या खळाळापर्यंत पोंचले. तेथें मिळालेल्या एका लहान चिलखती माशाचें वर्णन त्यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलें व त्यास कोरिम्बोफेनीस अँडरसनी असें नांव दिलें. त्याच ठिकाणच्या लिथोजेनीस नांवाच्या आणखी एका नवलाच्या माशाचेंही वर्णन त्यांनीं त्याच वर्षीं केलें. हा चिलखती कुळांतलाच, पण याचें अंग बहुतेक उघडें असतें. पुढें १९१२ सालीं आयगेनमान यांचा ब्रिटिश गयानांतील गोड्या पाण्याच्या माशांवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला, व तो अभ्यासकांस आजही उपयोगीं पडतो.

यानंतर कित्येक दशकें या प्रजातीच्या खात्यावर तेथील नवी नोंद पडली नाहीं. २००० सालीं आर्मब्रस्टर व साबाज या दोन शास्त्रज्ञांनीं वरच्या पोटारोंतील दुसरी जाति वर्णिली, व तिला कोरिम्बोफेनीस कायेई असें नांव दिलें. काये हा पाटामोना लोकांच्या दंतकथेंतील वृद्ध नायक होय. आपल्या लोकांचें शत्रूपासून रक्षण व्हावें म्हणून त्यानें होडी वल्हवीत नेऊन धबधब्यांत देह अर्पण केला, अशी कथा आहे, आणि कायेटूर हें नांवही त्याच्यावरूनच पडलें असें सांगतात. तिसरी जाति, कोरिम्बोफेनीस अमेली, २०२० सालीं वर्णिली गेली. ती कुरिब्राँग नदींत, अमायला नांवाच्या धबधब्याच्या वर राहते. कुरिब्राँग ही पोटारोलाच मिळते, पण कायेटूरच्या खालीं. म्हणजे हे भाऊबंद एकाच खोऱ्यांतले असूनही निरनिराळ्या भिंतींच्या आड राहतात, आणि त्यांची गांठ पडण्याचा संभव राहिलेला नाहीं.

अंगाची रचना

हे मासे वीतभर लांबीचेही नसतात. अंग वरून चपटें, डोकें रुंद आणि पोट सपाट असतें. पाठीवर व बाजूंना हाडांच्या पट्ट्यांच्या रांगा असून त्या घराच्या कौलांप्रमाणें एकीवर एक थोड्या चढलेल्या असतात. यामुळें अंग वांकतें, तरीही उघडें पडत नाहीं. या पट्ट्यांवर अतिशय बारीक कांटे असतात. ते दांतांच्याच द्रव्याचे घडलेले असल्यामुळें हा मासा हातांत धरला असतां कानशीसारखा खरखरीत लागतो. पुराच्या पाण्यांत दगडावर आपटणें, कपारींत घुसणें, मोठ्या माशाच्या तोंडीं सांपडणें, या सर्व प्रसंगीं हें चिलखत उपयोगीं पडतें.

मिशांच्या पुष्कळ चिलखती माशांना पाठीवरील मुख्य परामागें शेपटीजवळ एक लहानसा जादा पर असतो. कोरिम्बोफेनीसला तो नसतो. त्याच्या जागीं एकेरी पट्ट्यांची एक लांब कणा काढलेली ओळ असते. याच खुणेवरून शास्त्रज्ञ ही प्रजाति ओळखतात.

सर्वांत विशेष गोष्ट म्हणजे तोंड. तें पुढें नसून डोक्याच्या खालच्या बाजूस असतें, आणि त्याचे ओंठ पसरून बशीसारखे झालेले असतात. ही बशी दगडावर दाबली कीं ती चिकटून बसते, आणि मग पाणी कितीही जोरानें वाहत असलें तरी मासा जागचा हलत नाहीं. ओंठ चिकटलेले असतांनाही श्वासोच्छ्वास व खाणें हीं दोन्ही कामें चालूं राहतात, ही या कुळाची मोठी करामत होय. जबड्यांत बारीक दांतांची ओळ असते, आणि ते झिजले कीं त्यांच्या जागीं नवे येतात. आपण खुरप्यानें तण काढतों, त्याप्रमाणें हे मासे दगडावरील शेवाळाचा पातळ थर खरवडून काढतात. अशा अन्नांत सत्त्व थोडें, म्हणून तें पचविण्यासाठीं या कुळांतील शेवाळखाऊ माशांचें आंतडें फार लांब असून तें पोटांत दोरीच्या वेटोळ्याप्रमाणें गुंडाळलेलें असतें. दगडांच्या फटींत अंडीं घालणें आणि तीं फुटेपर्यंत नरानें त्यांची राखण करणें, हीही या कुळांतील पुष्कळ जातींची रीत आहे.

दगड हेंच शेत

वरील वर्णनावरून वाचकांच्या ध्यानांत आलें असेल कीं, या माशाचें शेत म्हणजे नदींतील दगड. त्या शेताला दोन गोष्टी लागतात. पहिली ऊन: पाणी इतकें नितळ पाहिजे कीं उन्हाचा किरण तळापर्यंत पोंचावा, नाहीं तर दगडावर शेवाळ धरणार नाहीं. दुसरी मोकळी फट: एका दगडाखालीं दुसऱ्या दगडाची कपार उघडी पाहिजे, नाहीं तर लपण्यास व अंडीं घालण्यास जागा राहणार नाहीं. पोटारोचें पाणी कुजलेल्या पालापाचोळ्याच्या अर्कामुळें चहासारखें तांबूस असतें. पण तांबूस पाणी निराळें आणि गढूळ पाणी निराळें. पहिल्यांत रंग असतो, दुसऱ्यांत माती असते.

गढूळ पाण्यानें तिहेरी नुकसान होतें. माती पाण्यांत तरंगत असतांना ऊन अडविते. त्यामुळें शेवाळाची वाढ खुंटते. ती बसूं लागली कीं दगडावरील थरांत मिसळते. मग मासा खरवडतो त्यांत अन्न कमी आणि माती जास्त. शेवटीं ती फटींत भरते व दगड एकमेकांस लिंपले जातात. नदी दुरून पूर्वींसारखीच वाहतांना दिसते, पण तिचा तळ गिलावा केलेल्या ओट्यासारखा होऊन जातो. पावसाळ्यांतील चार दिवसांचा गढूळपणा नदी सहन करते, कारण पुढचा लोंढा तळ धुऊन काढतो. बाराही महिने माती येत राहिली तर धुणार कोण?

सोन्याची माती

पोटारोच्या खोऱ्यांत सोनें सांपडतें. तें बहुधा नदीच्या पात्रांतील व कांठच्या मातींत कणांच्या रूपानें असतें. तें काढण्यासाठीं झाडें तोडून माती उकरतात, पाण्याच्या जोरकस धारेनें ती फोडतात, किंवा तराफ्यावरील पंपानें नदीच्या तळांतील वाळू उपसून धुतात. मूठभर सोन्यासाठीं किती माती हालवावी लागते याची कल्पना शेतकऱ्यास दिल्यावांचूनही येईल. ती सर्व माती पाण्याबरोबर पुढें जाते. सोन्याचे कण एकत्र करण्यासाठीं पाराही वापरतात. त्याचा कांहीं अंश नदींत उतरतो, तेथें त्याचें अधिक विषारी रूप तयार होतें, आणि लहान माशांतून मोठ्या माशांत व तेथून तें खाणाऱ्या माणसांत साठत जातें. अशा नद्यांच्या कांठच्या मूळ रहिवाशांचें मुख्य अन्न मासे असल्यामुळें ही बाब केवळ माशांपुरती राहत नाहीं.

कायेटूरभोंवतीं १९२९ सालीं राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें. त्याची हद्द १९७३ सालीं पुष्कळ आंखडली गेली, व १९९९ सालीं पुन्हां वाढविण्यांत आली. परंतु नकाशावरील रेघ माणसास अडविते, पाण्यास नाहीं. हद्दीबाहेर वरच्या अंगास उकरलेली माती हद्दीच्या आंत येऊन बसते. कुरिब्राँगवर अमायला धबधब्यापाशीं वीज उत्पन्न करण्यासाठीं बांध घालण्याची योजनाही आंखली गेली होती. ती एकदां थांबली आणि पुन्हां चर्चेंत आली. खळाळतें पाणी बांधामागें डोहासारखें स्थिर झालें, तर खळाळावर जगणाऱ्या माशाचें काय होईल, हें निराळें सांगावयास नको.

सोनें काढणारीं माणसें दुष्ट आहेत, असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. पुष्कळ जण पोटासाठींच तेथें जातात, आणि त्या देशास पैसा व वीज दोन्ही हवीं आहेत. पण ज्याच्या तीनही जाति एकाच नदीच्या खोऱ्यांत राहतात, त्या प्राण्यास माघार घेण्यास जागा नाहीं. आपल्याकडे एका तालुक्यांत पीक बुडालें तर शेजारच्या तालुक्यांतून बीं आणतां येतें. येथें शेजारचा तालुकाच नाहीं.

सपाटीवरील भाऊबंद

याच कुळांतील दुसऱ्या कांहीं माशांची गोष्ट अगदीं उलट आहे, आणि ती आपल्या दारापर्यंत येऊन पोंचली आहे. दक्षिण अमेरिकेच्या सखल प्रदेशांतील टेरिगोप्लिक्थिस नांवाचे चिलखती मासे कांचेच्या पेटींत शोभेसाठीं पाळतात, कारण ते कांचेवरील शेवाळ साफ करतात. पुढें ते वाढून पेटींत मावेनासे झाले कीं हौशी लोक त्यांस तळ्यांत किंवा नदींत सोडून देतात. अशा रीतीनें ते भारताच्या अनेक राज्यांतील पाण्यांत पसरले आहेत, आणि भीमेवरील उजनी जलाशयांतही ते कोळ्यांच्या जाळ्यांत येऊं लागले आहेत. आपल्याकडे त्यांस सकर किंवा हेलिकॉप्टर मासा म्हणतात. चिलखतामुळें मोठे मासे त्यांस सहसा खात नाहींत. कांट्यांनीं जाळीं फाटतात. पाण्यांतील प्राणवायु कमी झाला तरी ते हवा गिळून तग धरतात. नर मासे अंड्यांसाठीं कांठाच्या मातींत बिळें खणतात, व त्यामुळें कांठ ढांसळतात. ज्या शेतकऱ्याची जमीन तळ्याच्या किंवा कालव्याच्या कांठास लागून आहे, त्यानें ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

एकाच कुळांतील एक भाऊ आपल्या खडकावांचून जगूं शकत नाहीं, आणि दुसरा परमुलखांत जाऊन तेथील मूळ रहिवाशांस जड होतो. यांत दोष माशाचा नव्हे. ज्याची जागा जेथें आहे तेथून त्यास उठवूं नये, व जेथें नाहीं तेथें नेऊन बसवूं नये, एवढी गोष्ट माणसानें पाळली पाहिजे.

आपल्या ओढ्याची परीक्षा

आपल्या सह्याद्रींतील ओढ्यांतही दगडास चिकटून राहणारे मिशांचे लहान मासे आहेत. त्यांना चिलखत नसतें, आणि त्यांचें कुळही निराळें. ओंठांच्या बशीऐवजीं त्यांच्या छातीवर कातडीच्या बारीक चुण्या असतात व त्यांच्या योगानें ते खडकास धरून राहतात. डोंगरी ओढ्यांतील माशांचे मोठे अभ्यासक डॉ. सुंदरलाल होरा यांनीं १९३८ सालीं त्यांपैकीं एका जातीस पुण्याचें नांव दिलें: ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस. हजारों कोसांवरील दोन मुलखांत, निरनिराळ्या कुळांतील माशांस, वाहत्या पाण्यानें एकच विद्या निरनिराळ्या मार्गांनीं शिकविली. संकटही दोघांस एकच आहे: गाळ.

म्हणून आमची शेतकरी बंधूंस सूचना आहे, कीं पावसाळा सरल्यावर पाणी नितळलें म्हणजे आपल्या ओढ्याच्या खळाळांतील दहा-पांच दगड उचलून पाहावे. वरच्या बाजूस पातळ, निसरडा थर आहे काय? दगड सहज उचलतो, कीं मातींत रुतला आहे? खालच्या बाजूस किड्यांच्या अळ्या हालतांना दिसतात काय? दगड मोकळा, थर पातळ आणि खालीं जीव असेल, तर ओढ्याची आणेवारी चांगली समजावी. दगड रुतलेला व खालीं नुसता चिखल असेल, तर वरच्या अंगास चालत जाऊन माती कोठून येते याचा शोध करावा. उचललेला दगड पुन्हां होता तसाच ठेवावा. तेंही कोणाचें तरी घर आहे.

कारण बहुधा नेहमींचेंच सांपडेल: उताराच्या दिशेनें केलेली नांगरट, फुटलेला ताल, कांठापर्यंत कसलेली जमीन, रस्त्याच्या कामाची लोटलेली माती, किंवा वाळूचा उपसा. यांपैकीं कांहीं गोष्टी आपल्या हातच्या नाहींत, पण पहिल्या तीन खास आहेत. नांगरट उतारास आडवी करावी. ताल पावसाळ्यापूर्वींच दुरुस्त करावे. ओढ्याच्या कांठीं दोन-चार हात पट्टी नांगराखालीं न आणतां तेथें हराळी, वाळा, निरगुडी, करंज राहूं द्यावीं. फवारणीचा पंप ओढ्यांत धुऊं नये. शोभेचा मासा नकोसा झाला तर तो नदींत किंवा विहिरींत सोडूं नये.

यांत शेतकऱ्याचा खर्च थोडा व लाभ स्वतःचाच आहे. ओढ्याच्या दगडांवर बसलेली माती ही कोणाच्या तरी शेतांतील वरची, सर्वांत सकस माती असते. ती एकदां गेली कीं विकत आणून पुरी होत नाहीं. पोटारोच्या माशास आपल्या वरच्या अंगाचा कारभार करतां येत नाहीं. चिलखत आहे, पण गाळापुढें त्याचा इलाज चालत नाहीं. आपल्या ओढ्याच्या वरच्या अंगाचा कारभार मात्र आपल्याच हातीं आहे, आणि तो येत्या मृगापूर्वीं एकदां तपासून पाहावा, एवढीच आमची विनंति.